टिनाच्या छताला कोणता प्रायमर: रेड ऑक्साइड, एच (etch) की इपॉक्सी?

नागपुरात छताच्या टिनासाठी प्रायमर मागितला की बहुतेक रेड ऑक्साइडचा डबाच पुढे येतो. स्वस्त आहे, कुठेही मिळतो. पण आधी पत्रा कुठला ते पाहा.

रेड ऑक्साइडची जागा साध्या लोखंडावर: अँगल, पाइप, किंवा जस्त पार उडून गेलेला जुना पत्रा. नव्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पत्र्यावर तो टिकत नाही. त्यातल्या अल्किड (तेलापासून बनलेल्या) राळेची जस्ताशी अभिक्रिया होऊन रंगाखाली साबणासारखा थर तयार होतो आणि पकड सुटते. मग नखाने पापुद्रे निघतात, खाली पत्रा कोरा चकचकीत. ऑइल पेंट थेट मारला तरी हेच होतं. कंपनी बदलून उपयोग नाही. झिंक फॉस्फेट प्रायमर घेतानाही डबा वाचा, कारण तोही अनेकदा अल्किडचाच असतो.

नव्या जीआयला दोन भागांचा एच प्रायमर बरा; त्यातलं आम्ल जस्ताला किंचित खाऊन पकड देतं. तो अगदी पातळ मारायचा. जाड थर उलट सुटतो. त्याआधी पत्र्यावरचं कारखान्यातलं तेल डिटर्जंटने घासून काढा. मग पाणी शिंपडा: सारखं पसरलं तर पत्रा स्वच्छ, थेंब धरून राहिलं तर पुन्हा धुवा. गंजावर मात्र एच प्रायमर वाया जातो.

जस्त आणि गंज दोन्ही दिसणाऱ्या जुन्या छताला आम्ही इपॉक्सीच सुचवू. महाग आहे, पण दोन्हींवर धरतो. तारेच्या ब्रशने सुटा गंज काढा, 80 नंबरच्या पेपरने घासा, धूळ पुसा. हार्डनर डब्यावरच्या प्रमाणातच घाला आणि थोडं थोडं कालवा. उन्हाळ्यात मिश्रण लवकर घट्ट होतं. इपॉक्सी उन्हात भुकटतो, त्यामुळे वर पीयू (पॉलियुरेथेन) किंवा अॅक्रिलिकचा हात हवाच.

वरच्या थरासाठी अॅल्युमिनियम पेंटपेक्षा पांढरं कूल रूफ कोटिंग निवडा. अॅल्युमिनियम ऊन परतवतो, पण शोषलेली उष्णता सहज सोडत नाही. पांढरा थर दोन्ही करतो. पारा 45 अंशांवर गेला की घरात हा फरक जाणवतो. धूळ बसली की परिणाम घटतो, म्हणून होळीच्या सुमारास छत धुवा.

कामाला दिवाळी ते होळी हा काळ उत्तम, फक्त सकाळचं दव पूर्ण वाळू द्या. नवतपात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) पत्र्याला हात लावता येत नाही. तेव्हा पाण्याचा रंग रोलरखालीच सुकतो आणि बारीक छिद्रं राहतात.

किती रंग लागेल ते काढताना पत्र्याच्या नागमोडी पन्हाळीचे 15 टक्के वाढवा: 400 चौरस फुटांचे 460 धरा. डब्यावर लिटरला 100 चौरस फूट लिहिलं असेल, तर एका हाताला साधारण पाच लिटर. गंज सुरू होतो तो जोडाच्या पट्टीत आणि बोल्टभोवती. तडकलेले वॉशर आधी बदला, तिथे ब्रशने जादा हात द्या, मगच रोलर फिरवा.