सायटिकासाठी कोथरूडमधील एक फिजिओथेरपी केंद्र : व्यायाम उत्तम, यंत्रे अनावश्यक

सायटिकाच्या रुग्णाने फिजिओथेरपी केंद्र निवडताना पहिल्या भेटीत तपासणीला किती वेळ दिला जातो, हे आधी पाहावे. कोथरूडमधील ज्या केंद्रात मी उपचार घेतले, ते या बाबतीत निश्चितच उजवे आहे. नितंबापासून पोटरीपर्यंत उतरणारी कळ आणि अंगठ्याचा बधिरपणा यांविषयी ऐकून घेतल्यावर तेथील मॅडमनी मला उताणे झोपवून, गुडघा न वाकवता पाय वर उचलून पाहिला आणि टाचांवर व चवड्यांवर चालायला लावले. लघवी-शौचावरील ताबा किंवा जांघेतील संवेदना कमी झाली आहे का, हेही त्यांनी विचारले. तसे असल्यास व्यायामात वेळ न दवडता तातडीने रुग्णालय गाठावे लागते.

व्यायाम मोजकेच होते. मुख्य व्यायाम पालथे झोपून आधी कोपरांवर आणि मग तळहातांवर भार देत छाती उचलण्याचा. तो भुजंगासनासारखा दिसत असला तरी यात पाठ सैल ठेवून सारे काम हातांनी करायचे असते. ही पद्धत न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेंझी यांची. १९५६ साली त्यांच्या दवाखान्यात एक रुग्ण डोक्याकडची बाजू उचललेल्या टेबलावर नकळत पालथा पडून राहिला आणि त्याच्या पायातील वेदना नाहीशी झाली, या निरीक्षणातून ती आकाराला आली. पोटरीतील कळ मांडीत, मांडीतील कंबरेत सरकत असेल, तर कंबर थोडी अधिक दुखली तरी व्यायाम योग्य दिशेने चालला आहे असे समजावे, आणि कळ खाली उतरू लागली तर थांबावे, हे मला नीट समजावले गेले. पुढे प्रत्येक भेटीत पहिला प्रश्न त्याविषयीच असे. मणक्यातील नळी अरुंद झालेल्या एका ज्येष्ठ गृहस्थांना मात्र मागे वाकण्याऐवजी गुडघे छातीशी घेण्याचा व्यायाम आणि सायकल दिली होती. सर्वांना एकच तक्ता वाटणाऱ्या ठिकाणी असे होत नाही. अंथरुणाला खिळून राहू नका, थोडे थोडे पण दिवसातून अनेकदा चाला, हा आग्रहही मला मोलाचा वाटला.

खटकले ते एवढेच की आयएफटी (यंत्रातून सौम्य विद्युतप्रवाह देण्याचा उपचार) आणि ट्रॅक्शन (यंत्राने कंबरेला ताण देणे) प्रत्येकाला जणू ठरलेलेच असते आणि त्याचे शुल्क वेगळे आकारले जाते. ब्रिटनमधील नाइस या आरोग्यविषयक संस्थेने २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये कंबरदुखी व सायटिकासाठी हे दोन्ही उपचार, तसेच कंबरपट्टे, देऊ नयेत असे स्पष्ट म्हटले आहे. मी नको म्हटल्यावर कोणीही आग्रह धरला नाही, याचे श्रेय केंद्राला द्यायला हवे. परंतु हा पर्याय पहिल्याच दिवशी सांगितला जावा. केंद्र पहिल्या मजल्यावर असून लिफ्ट नाही. सायंकाळी एका फिजिओथेरपिस्टकडे एकाच वेळी तीन-चार रुग्ण असतात, त्यामुळे व्यायाम शिकण्यासाठी सकाळची वेळ मागून घ्यावी.