ट्रकने धडक दिली: पाच लाखांवर सही, की न्यायाधिकरणात दावा?

पुण्यात नवले पुलाच्या उतारावर, चाकणच्या चौकात किंवा वाघोलीत डंपरखाली घरचं माणूस सापडलं, की पहिले दोन आठवडे ससून, पोलीस चौकी आणि तेरावं यातच जातात. मग दारात विमा कंपनीचा माणूस येतो. माझ्या मावसबहिणीकडे तो चाळिसाव्या दिवशी आला. भिंतीवरच्या फोटोला हात जोडले, चहा घेतला आणि फाइलमधून अर्ज काढला. "ताई, पाच लाख महिनाभरात खात्यात. कोर्टात गेलात तर वर्षं जातील." दोन्ही गोष्टी तशा खऱ्याच होत्या. तिसरी तो बोलला नाही.

ते पाच लाख मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ चे. चूक कोणाची हे सिद्ध करायचं नाही. मृत्यूला ५ लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख, विषय संपला. कलम १६६ खाली मात्र मोटार अपघात न्यायाधिकरणात, म्हणजे अपघात भरपाईच्या कोर्टात, दावा लावून ट्रकचालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो आणि भरपाई त्या माणसाच्या वयावर, कमाईवर ठरते. वरची मर्यादा नाही. न बोललेली गोष्ट ही, की १६४ ची रक्कम एकदा स्वीकारली की १६६ चा दावा तिथेच संपतो.

म्हणून आधी हिशेब मांडा. मेव्हणे ३४ वर्षांचे, चाकणला कंत्राटी कामावर, पगार २४ हजार. वर्षाचे २ लाख ८८ हजार. कायमची नोकरी नसली तरी चाळिशीच्या आतल्यांना भावी वाढीचे ४० टक्के मिळतात, म्हणजे ४ लाख ३ हजार २००. मागे बायको, दोन मुलं, आई. चौघं अवलंबून असल्यामुळे त्यांचा स्वतःचा खर्च एक चतुर्थांश धरून वजा केला. उरले ३ लाख २ हजार ४००. या वयाला गुणक, म्हणजे वर्षाची रक्कम कितीने गुणायची तो आकडा, १६. झाले ४८ लाख ३८ हजार. हे गुणक सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये आणि वाढीचे टक्के २०१७ मध्ये पक्के केले आहेत, वकिलाच्या मर्जीवर नाहीत. कंपनीने "हेल्मेट नव्हतं, तेही चुकीच्या बाजूने होते" म्हणून ३० टक्के दोष त्यांच्या माथी मारला, तरी ३३ लाखांच्या वर राहतात.

आता दुसरं टोक. ६८ वर्षांचे आजोबा, कमाई जेमतेम, रस्ता ओलांडताना चूक बरीचशी त्यांचीच. गुणक ५ वर येतो, दोषाची कपात वेगळी. तिथे १६६ ची रक्कम पाच लाखांच्या आसपासच घुटमळते, कधी खालीही जाते. अशा घराने १६४ घ्यावं, मी तरी तेच सांगेन.

१६६ ला वेळ लागतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण पुराव्याची धास्ती फुकटची आहे. इथे फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही. तिकडे ड्रायव्हर सुटला तरी इकडचा दावा टिकू शकतो. एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, पगाराच्या स्लिपा, बँकेचं पासबुक एवढं धरून ठेवा. अपघात सोलापूर रोडवर कुठेही झालेला असो, राहायला पुण्यात असाल तर शिवाजीनगरलाच दावा लावता येतो. मुदत सहा महिन्यांची. या मुदतीवरून न्यायालयांत वाद आहे, पण त्याच्या भरवशावर बसू नका.

लोकअदालत हा मधला रस्ता. रक्कम लवकर हातात येते, पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. माझं मत: दावा आधी लावावा, आपला आकडा कागदावर यावा, मगच तिथे बसावं. नाहीतर कंपनी पाचापासून सुरू करते आणि आठावर आपण खूश होतो. ट्रकमालकाने पाठवलेला 'मिटवून टाकू'चा स्टॅम्प पेपर मात्र वाचायचीही गरज नाही.

जखमींचं थोडं वेगळं. मे २०२५ पासून अपघातानंतरच्या सात दिवसांत दीड लाखापर्यंत विनारोकड उपचारांची योजना आहे. पुढे अपंगत्वाचा दाखला ३५ टक्के म्हणतो म्हणून नुकसान ३५ टक्केच, असं धरू नका. डावा पाय गुडघ्यात वाकत नसेल, तर टेम्पोवाल्याला क्लच कसा दाबता येईल? न्यायाधिकरण कमाई किती बुडाली ते बघतं, नुसता दाखला नाही.

ट्रक पळून गेला आणि सापडलाच नाही, तर मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार, तेही महसूल कचेरीतून. म्हणून खेड शिवापूर टोलनाक्याचं किंवा दुकानांचं सीसीटीव्ही फुटेज पहिल्याच आठवड्यात पोलिसांना मागवायला लावा. नंतर ते पुसलं जातं. मालाच्या ट्रकमध्ये भाडं देऊन किंवा फुकट बसलेल्या माणसासाठी विमा कंपनी सहसा हात झटकते, मग मालकाच्या मागे लागावं लागतं. ट्रकचाच ड्रायव्हर किंवा क्लीनर गेला असेल तर कामगार भरपाईचा रस्ता आहे. तो किंवा मोटार वाहन कायदा, दोन्हींपैकी एकच.

वकिलाबद्दल एवढंच, की टक्केवारीवर फी ठरवणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. कोऱ्या वकालतनाम्यावर सही मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. बाईला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अटच नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा.

मावसबहिणीने तो अर्ज टीव्हीखालच्या कप्प्यात ठेवला आणि पाचव्या महिन्यात १६६ चा दावा लावला. परवा कंपनीच्या वकिलाने लोकअदालतीबद्दल विचारलं, बावीस लाख म्हणाला. तिने पुढची तारीख घेतली आहे.