पाडलेल्या इमारतीची खडी नव्या कॉलममध्ये: सळयांचा पिंजरा की पोलादी नळी?

पुनर्विकासात जुनी इमारत पडली की सोसायटीच्या कमिटीतलं कोणीतरी विचारतंच, हा राडारोडा नव्या कॉलममध्ये का नको? उत्तर कॉलम कसला आहे त्यावर ठरतं: सळयांच्या पिंजऱ्याचा आरसीसी कॉलम, की काँक्रीट भरलेली पोलादी नळी.

नेहमीच्या आरसीसी कॉलमचं उत्तर आयएस ३८३ या खडी-वाळूच्या भारतीय मानकाने २०१६ साली देऊन टाकलंय. जुनं काँक्रीट फोडून केलेली खडी आरसीसीत २० टक्क्यांपर्यंत, तीही एम२५ या ताकदीच्या श्रेणीपर्यंतच. साध्या, बिनसळयांच्या काँक्रीटला २५ टक्के, एम१५ खालच्या कमी ताकदीच्या पीसीसीला (तेही बिनसळयांचंच) पूर्ण १००. विटा-टाइल्स मिसळलेला माल आरसीसीत चालतच नाही.

ही कंजुषी उगाच नाही. या खडीला जुन्या सिमेंट-वाळूचा थर चिकटलेला असतो आणि तो काळ्या पाषाणाच्या खडीपेक्षा कितीतरी जास्त पाणी पितो. खडी आधी भिजवून घेतली तर स्लंप, म्हणजे ओल्या काँक्रीटचा प्रवाहीपणा, सांभाळता येतो, ताकद तपासायच्या क्यूबचे (ठोकळ्यांचे) आकडेही बरे येतात. पण क्यूब सगळं सांगत नाही. खडी पूर्ण बदलली तर ताकदीपेक्षा ताठपणा जास्त घटतो, वर आकुंचन आणि क्रीप, म्हणजे सततच्या भाराखाली हळूहळू दबत जाणं, वाढतं. कॉलम वर्षानुवर्षं थोडा थोडा आखडत राहतो आणि भार काँक्रीटकडून सळयांकडे सरकतो. समुद्रालगतच्या इमारतीचा माल असेल तर त्यातल्या क्लोराइडने, म्हणजे खाऱ्या क्षाराने, सळया गंजायची भीती वेगळीच.

आता नळी. आत काँक्रीट असल्याने तिचा पत्रा आतल्या बाजूला वाकत नाही, आणि नळी बंद असल्याने काँक्रीट सुकत नाही. म्हणजे या खडीची सर्वांत मोठी खोड, सुकून आकसणं, इथे बरीच दबते. शटरिंग आणि सळयांभोवतीच्या रिंगाही वाचतात.

नळी काँक्रीटला आवळून धरते हे खरं, पण ती आवळते उशिरा. सुरुवातीला दाबाखाली पोलादच काँक्रीटपेक्षा जास्त फुगतं. काँक्रीट आतून तडकून पसरायला लागल्यावर पकड बसते. त्यामुळे शेवटची ताकद चांगली मिळते, रोजच्या भाराखालचा ताठपणा मात्र त्या पकडीने वाढत नाही. उंच, सडपातळ कॉलमला हा फायदा जवळपास नाहीच. पोलाद-काँक्रीटच्या जोड बांधकामाचं युरोपचं मानक, यूरोकोड ४, तो बुटक्या, गोल नळीपुरताच आणि भार मध्याजवळ असेल तरच धरू देतं. चौकोनी नळी कोपऱ्यांत आवळते, सपाट बाजूंना ढिली पडते.

खर्च पाहा. ३०० मिमी व्यासाची, ६ मिमी जाडीची नळी म्हणजे मीटरला सुमारे ४३ किलो पोलाद, छेदाच्या जवळपास ८ टक्के. आयएस ४५६ हे काँक्रीट बांधकामाचं भारतीय मानक आरसीसी कॉलममध्ये सळयांना ६ टक्क्यांची कमाल मर्यादा घालतं, तीही सहसा कोणी गाठत नाही. शिवाय आग: पोलाद बाहेर उघडं, म्हणून लेप हवा किंवा आत सळया हव्यात, आणि वाफ निघायला नळीला भोकं ठेवावीच लागतात.

म्हणून चार-सात मजली सोसायटीला माझा सल्ला साधा: आरसीसी कॉलमला नेहमीचीच खडी, राडारोड्याची खडी पीसीसीत. पार्किंगच्या मजल्यावर कॉलम बारीक हवेत किंवा काम झपाट्याने उरकायचंय, तिथे गोल नळीचा विचार करा. तिच्यात राडारोड्याची खडी २० टक्क्यांच्या पुढे न्यायची असेल तर भारतीय मानकाचा आधार मागू नका; नमुना कॉलम करून प्रयोगशाळेत दाबून बघा. आणि भरताना काँक्रीट खालून पंपाने चढवा. आत पोकळी राहिली तर शटरिंग काढून बघायची सोय नाही, हातोडीने ठोकून आवाजावरून शोधावी लागते.