६४० ग्रॅम आणि दोन अंगठे: स्टीम डेक, आठ महिन्यांनंतर

गणपतीत दादा अमेरिकेहून आला तेव्हा त्याच्या बॅगेत बदामांच्या पाकिटांखाली माझा स्टीम डेक होता, म्हणजे दोन्ही हातांत धरून व्हिडिओ गेम खेळायचं यंत्र. ओलेड पडद्याचा, ५१२ जीबीचा. व्हॉल्व्ह कंपनी तो भारतात अधिकृतपणे विकत नाही, त्यामुळे "तिकडून कोणी येतंय का?" हाच आपला राजमार्ग. प्रोसेसर, बॅटरी, फ्रेम रेट यावर तासन् तास बोलणारे खूप आहेत, मी त्यात भर घालत नाही. पडद्याचं कौतुक माझं दोन आठवड्यांत संपलं. बटणांचं अजून चालू आहे, कुरकुरीसकट. म्हणून हे सगळं बटणांबद्दलच.

आधी आकार. वजन साधारण ६४० ग्रॅम, रुंदी २९८ मिलिमीटर, म्हणजे शाळेतल्या फूटपट्टीएवढा लांब. माझ्या बांगडीचं माप दोन-चार, तेव्हा पहिल्या दिवशी खोक्यातून काढला आणि पोटात गोळाच आला. हे धरायचं कसं? पण भाच्याचा निन्टेंडो स्विच, असंच एक हातातलं यंत्र, जो जॉय-कॉन (दोन्ही बाजूंना लावायचे बटणांचे सुटे तुकडे) लावून ४०० ग्रॅमच्या आसपास भरतो, तो मला बोटांच्या चिमटीत धरल्यासारखा वाटतो, कारण तो सपाट आहे. डेकच्या दोन्ही बाजू मागून फुगीर आहेत, तळहात भरतो आणि वजन बोटांवर न येता हातभर पसरतं. मांडी घालून, पुढ्यात तक्क्या घेऊन बसलं की दीड तास आरामात जातो. उताणं झोपून मात्र खेळू नका. मला एकदा डुलकी लागली आणि डेक सरळ नाकावर आला.

आता स्टिक, म्हणजे खेळातल्या माणसाला चालवायला अंगठ्याने कलवायची छोटी दांडी. याआधी मी फोनला लावायचा एक स्वस्तातला कंट्रोलर वापरत होते. सातव्या महिन्यात खेळातला माणूस स्टिकला हात न लावता आपला आपण डावीकडे चालायला लागला. दुरुस्तीवाल्याने काहीतरी फवारून दिलं, पंधरा दिवस बरं चाललं, पुन्हा तेच. यालाच ड्रिफ्ट म्हणतात. जुन्या रेडिओचा आवाजाचा कान पिळला की खरखर यायची, आठवतंय? बहुतेक स्टिकच्या आत तसाच भाग असतो. कार्बनच्या पट्टीवर धातूची एक बारीक जीभ घासत फिरते आणि ती कुठे आहे यावरून स्टिक किती कलली ते ठरतं. पट्टी झिजली किंवा मध्ये कचरा गेला की चुकीचा आकडा जातो. जॉय-कॉनच्या बाबतीत हे इतकं गाजलं की २०२० च्या जूनमध्ये निन्टेंडोच्या अध्यक्षांना गुंतवणूकदारांसमोर दिलगिरी व्यक्त करावी लागली. यावरचा उपाय नवाही नाही. हॉल इफेक्टच्या स्टिकमध्ये काहीच घासत नाही, चुंबक हलतं आणि सेन्सर ते दुरून ओळखतो. सेगा कंपनीने १९९८ च्या ड्रीमकास्ट या गेमच्या यंत्राच्या कंट्रोलरमध्ये हेच वापरलं होतं. मग पुढची वीस-पंचवीस वर्षं बहुतेक सगळे कार्बनच घासत का बसले, तर तो स्वस्त पडतो म्हणून, दुसरं काय.

डेकमध्येही घासणारीच स्टिक आहे. माझ्या स्टिक अजून सरकलेल्या नाहीत. दिवाळीत एकदा वाटलं, संपलं. उजवी स्टिक वर ढकलली की बुडाशी वाळू असल्यासारखी करकरायची. टॉर्च मारून पाहिलं तर स्टिकच्या भोवतीच्या गोल फटीत चकलीचा चुरा, आणि एक अख्खा तीळ. भाचा! जुन्या टूथब्रशने कडेकडेने झाडलं, तीळ टूथपिकने उचलला, करकर गेली. तेव्हापासून घरात कायदा आहे: हात धुतल्याशिवाय डेकला शिवायचं नाही. सेटिंगमध्ये डेडझोन वाढवायची सोय आहे, म्हणजे मधल्या थोड्या हालचालीकडे यंत्र काणाडोळा करतं. पण डेडझोन फार वाढवला तर नेम धरताना स्टिक आळशी वाटते. स्टिकचा भाग वेगळा निघतो, मागचं झाकण उघडून काही स्क्रू काढले की बदलता येतो, आणि गुलीकिट कंपनी त्याच जागी बसणारे हॉल इफेक्टचे भाग विकते.

डी-पॅडबद्दल थोडक्यात. हे दिशा देणारं, अधिकच्या चिन्हासारखं बटण निन्टेंडोच्या गुनपेई योकोई यांनी १९८२ च्या 'गेम अँड वॉच' या खिशातल्या खेळांमधल्या डाँकी काँगसाठी केलं. त्यात खरं पाहिलं तर अजून कोणाला फारशी सुधारणा करता आलेली नाही. डाव्या जॉय-कॉनवर त्याऐवजी चार सुटी बटणं आहेत, कारण तो अर्धा तुकडा आडवा धरून दुसऱ्या खेळाडूलाही देता यावा. कल्पना छान, पण सुट्या बटणांवरून अंगठा सरकवण्यात ती मजा नाही. डेकचा डी-पॅड अखंड आहे, थोडा मऊ आहे, माझ्यासारखीला पुरतो.

बटणांच्या नावांचा घोळ मात्र कोणी मिटवेल असं वाटत नाही. निन्टेंडोत 'ए' उजवीकडे आणि 'बी' खाली. डेकमध्ये, एक्सबॉक्सप्रमाणे, बरोबर उलट. भाच्याचा स्विच हातात घेतला की मी 'हो' म्हणायला जाते आणि खेळातून बाहेर पडते.

माझं खरं प्रेम दोन्ही स्टिकखालच्या चौकोनी ट्रॅकपॅडवर आहे. पहिला महिनाभर मी त्यांना हातही लावला नव्हता. मग एज ऑफ एम्पायर्स २ टाकला, जो मुळात माउसचा खेळ. स्टिकने एकेक गावकरी निवडताना जीव जातो. उजव्या पॅडवर अंगठा फिरवला की बाण पळतो आणि अंगठ्याखाली बारीक टिक-टिक जाणवते, प्रवासी बॅगेच्या कुलपाची आकड्यांची चकती फिरवताना जाणवते तशी. पॅड जागचं हलत नाही, आतून तेवढाच धक्का मिळतो, आणि तेवढ्यानेच अंगठ्याला आपण किती सरकलो ते कळतं. डाव्या पॅडवर मी गोल मेनू बसवलाय: घर बांध, शेत लाव, घंटा वाजव. हे मांडायला एक अख्खा रविवार गेला. ज्यांना असलं खटपट करणं आवडत नाही त्यांनी दुसऱ्यांनी करून ठेवलेल्या मांडण्या घ्याव्यात, त्या डेकवरच मिळतात.

जायरोही आहे, म्हणजे डेक कलवून नेम साधता येतो. स्टिकच्या टोकाला अंगठा टेकल्याचं यंत्राला कळतं, तेव्हा अंगठा टेकला की जायरो चालू, उचलला की बंद, असं ठेवता येतं. घरात उत्तम. एसटीत नको. माहेरी साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात धनुष्यबाणाचा खेळ काढला, तर गाडी वळली की नेमही वळायचा. जायरोच्या लेखी हात वळला काय आणि लाल परी वळली काय, सारखंच.

मागची चार बटणं. वरची एल-४ आणि आर-४ माझ्या मधल्या बोटाखाली बरोबर येतात. खालची दोन अनामिकेच्या वाट्याला, आणि ती दाबायला माझ्या अनामिकेत तेवढा जोर नाही, त्यामुळे ती रिकामीच आहेत. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' खेळताना मी वार चुकवायचं काम आर-४ ला दिलं. एकाच अंगठ्याने मारायचं, उडी मारायची आणि चुकवायचं ही ओढाताण त्यामुळे थांबली. आधी ज्या राक्षसाने मला रात्रभर रडवलं होतं तो दुसऱ्या दिवशी तिसऱ्या खेपेला पडला. (खेळ २०२० चा आहे, अजून खेळला नसेल तर खेळा.)

वरच्या कडेची एल-१, आर-१ ही बटणं माझ्या हाताला लांब पडतात. तर्जनी ट्रिगरवरून (बंदुकीच्या घोड्यासारखं ओढायचं बटण) उचलूनच तिथे न्यावी लागते. शिवाय त्यांचा आवाज. दिवसा कळत नाही, पण रात्री साडेअकराला शेजारच्या खोलीतून सासूबाईंनी विचारलं, "अगं, उंदीर शिरलाय का घरात?" दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच पिंजरा लावला. मी आर-१ चं काम आर-४ वर हलवलं आणि तोंड बंद ठेवलं.

लहान हातांच्या मंडळींनी शक्य असेल तर कोणाकडून तरी डेक मागून घ्यावा आणि अर्धा तास धरून बघावा, पाच मिनिटांत काही कळत नाही. मी तरी विकणार नाही. दादाला पुढच्या खेपेसाठी हॉल इफेक्टच्या स्टिकची जोडी सांगून ठेवली आहे, आणि पिंजरा अजून माळ्यावर आहे.