व्हिएन्नात गाइड पागेसाठी घ्यावा की चित्रांसाठी?

व्हिएन्नात खासगी गाइडवर एकदाच पैसे खर्चायचे असतील, तर लिपित्सानर जातीच्या प्रसिद्ध पांढऱ्या घोड्यांची पागा बघावी की हाब्सबुर्ग राजघराण्यानं जमवलेली चित्रं? या पेचात मीही होतो. शेवटी एकाच दिवशी दोन्ही उरकलं. पायांचे तुकडे पडले, पण निवाडा झाला.

तसं दोघांचं घर एकच. श्टालबुर्ग नावाच्या ज्या वाड्यात आज हे घोडे राहतात, तिथेच सतराव्या शतकात याच घराण्यातल्या आर्चड्यूक लेओपोल्ड विल्हेल्मचा चित्रसंग्रह होता. खाली घोडे, वर इटालियन चित्रकार टिशियन! 1776 मध्ये चित्रं बेल्व्हेडेअर राजवाड्यात गेली, आणि 1891 पासून ती कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियम या कलासंग्रहालयात आहेत.

चित्रांना नावं ठेवायला जागाच नाही. एकट्या थोरल्या ब्रुगेल या फ्लेमिश चित्रकाराची बारा आहेत. माझं घोडं अडलं ते गाइडपाशी. माणूस विद्वान होता, हीच अडचण. प्रत्येक चित्राआधी कुणी काढून घेतलं, कुणी विकलं, कुणी वारशात दिलं, आणि हे सगळं चित्राच्या बरोब्बर पुढ्यात उभं राहून. ब्रुगेलचं ‘बर्फातले शिकारी’ (1565) मला नीट दिसलं ते गाइडचा फोन वाजला तेव्हा. तीन शिकारी, कुत्र्यांचा घोळका, आणि दिवसभराची कमाई म्हणजे एकाच्या पाठीवर लटकलेला एक हडकुळा कोल्हा. मागच्या खानावळीची पाटीही एकाच कडीवर लोंबकळतेय. एवढं पाहिलं, तोवर फोन संपला.

पागेत उलट. घोडे विसाव्याला असतात म्हणून तिथली गाइड हलक्या आवाजात, मोजकंच बोलत होती. आणि जे बोलली ते तिच्याशिवाय कळलंच नसतं. ठाणावरच्या पाटीवर दोन नावं असतात, पहिलं बापाच्या वंशाचं, प्लुटो किंवा मायेस्तोसो असं, आणि दुसरं आईचं. शिंगरू जन्मतं काळपट, पांढरं व्हायला सहा ते दहा वर्षं जातात. एखादा मात्र आयुष्यभर तपकिरीच राहतो, आणि तसा एक पागेत असणं शुभ मानतात. घोड्यांना हात लावू देत नाहीत, हे जरा खुपलं. पण एक राखाडी ठिपक्यांचा तरणा घोडा चंदी चघळता चघळता थांबला, माझ्याकडे बघून फुरफुरला आणि पुन्हा चघळायला लागला. तेवढ्यावर मी खूश.

तुम्ही चित्रकलेचे अभ्यासक असाल तर तुमचा हिशेब वेगळा असेल, मान्य. पण पागेत गाइडशिवाय पाऊल टाकता येत नाही, आणि म्युझियममध्ये तिकीट काढून कुणीही शिरू शकतं. गुरुवारी तर ते रात्री नऊपर्यंत उघडं असतं. मी तसाच एकटा पुन्हा गेलो आणि त्या कोल्ह्यासमोर मनसोक्त उभा राहिलो.