संसदेच्या समितीचे घरकुलावरचे अहवाल: वाचणाऱ्या बाईचा रिव्ह्यू

मोबाइलचा रिव्ह्यू येतो, मिक्सरचा येतो, पण संसदीय समितीच्या अहवालांचा रिव्ह्यू कुणी लिहिलेला मी तरी पाहिला नाही. लिहायला पाहिजे, कारण ही पण आपल्याच पैशावर चालणारी सेवा आहे आणि घरकुलाच्या यादीत नाव असलेल्या माणसाच्या वतीनं दिल्लीत सचिवांना समोर बसवून प्रश्न विचारणाऱ्या जागा फार कमी आहेत. मी बचत गटाचं काम बघते, घरकुलाचे पैसे पुरले नाहीत की बायका कर्जाचा अर्ज घेऊन गटाकडंच येतात, म्हणून हे अहवाल वाचायला लागले. पाचपैकी साडेतीन स्टार देईन. का ते सांगते.

आधी ही समिती म्हणजे काय ते थोडक्यात. ग्रामीण विकास आणि पंचायती राज स्थायी समिती, ३१ खासदार, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे, सगळ्या पक्षांचे. खात्यांप्रमाणे अशा समित्या १९९३ पासून आहेत. बजेट आलं की खात्यानं किती पैसे मागितलेत, मागच्या वर्षी दिलेले कुठं गेले, हे समिती अधिकाऱ्यांना बोलवून विचारते आणि अहवाल मांडते. सभागृहात बऱ्याच खात्यांच्या मागण्या चर्चेविनाच एका झटक्यात मंजूर होतात, त्यामुळं खरी तपासणी होते ती इथंच. अध्यक्ष म्हणाल तर २०१९ नंतर आपल्या बुलढाण्याचे प्रतापराव जाधव होते, मग कनिमोळी आल्या, २०२४ पासून ओडिशातल्या कोरापुटचे सप्तगिरी उलाका आहेत. शिवसेना, द्रमुक, काँग्रेस. पक्ष बदलत गेले पण घरकुलावरचे मुद्दे बघा, रक्कम कमी आहे, भूमिहीन मागं पडलेत, घरं वेळेत होत नाहीत, हेच पुन्हा पुन्हा येतं. मला ही या अहवालांची सगळ्यात मोठी जमेची बाजू वाटते, कारण टीव्हीवर एकमेकांवर ओरडणारी माणसं एका टेबलावर बसून एकच गोष्ट लिहून देतात.

रकमेचंच घ्या. इंदिरा आवास १९८५-८६ ला सुरू झाली, २०१६ ला तिची प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण झाली, तेव्हा सपाट भागात घरामागं ७० हजारांचे १ लाख २० हजार झाले आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार. घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे साधारण २६९ चौरस फूट, स्वयंपाकाच्या जागेसकट. त्यावर रोहयोतून ९०-९५ दिवसांची मजुरी आणि स्वच्छ भारतमधून संडासाचे १२ हजार वेगळे. २०१६ ला हे बरं होतं. त्यानंतर सिमेंट, सळई, वाळू, वीट, गवंड्याचा रोज सगळं वाढत गेलं आणि केंद्राचा आकडा मात्र तिथंच. समितीनं रक्कम वाढवा असं एकदा नाही, बऱ्याचदा लिहिलंय आणि त्यातलं अक्षरन् अक्षर खरं आहे, कारण आमच्या गटातल्या एका ताईचं घर मी रोज बघत होते. जोता झाला, भिंती लिंटेलपर्यंत आल्या आणि काम थांबलं. पुढचा हप्ता स्लॅबच्या टप्प्याचा फोटो अपलोड झाल्याशिवाय पडत नाही आणि स्लॅब टाकायला पैसे त्या हप्त्यातूनच यायचे होते. वर ताडपत्री, खिडकीच्या भोकात खताची पोती ठासलेली, आणि आत नवरा-बायको, दोन पोरं अन् सासू. शेवटी गटाचं कर्ज काढून स्लॅब पडला, आणि ते कर्ज ती कांदा खुरपायला जाऊन फेडतेय. सरकारी कागदावर हे घर पूर्ण झालेलं आहे. त्या कर्जाचा रकाना कुठल्याच तक्त्यात नाही.

राज्यानं २०२५ ला ५० हजारांची भर टाकली, ३५ हजार बांधकामाला आणि १५ हजार छतावरच्या सोलरला, शिवाय घरकुलाला ५ ब्रास वाळू मोफत. हे चांगलंच झालं. पण मग जी गोष्ट समिती वर्षानुवर्षं सांगतेय ती केंद्रानं स्वतः का करू नये, आणि ज्या राज्याच्या तिजोरीत दम नाही तिथल्या माणसानं काय करायचं? योजनेत केंद्राचे ६० टक्के आणि राज्याचे ४० टक्के असतात, राज्याचा वाटा उशिरा आला तरी घर थांबतं.

भूमिहीनांचा भाग मला या अहवालांमध्ये सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. यादीत नाव आहे, निकष सगळे बसतात, पण पाय ठेवायला स्वतःची जागा नाही, अशा माणसाला घर मंजूर करणार कसं? समिती हा प्रश्न सोडत नाही, किती राज्यांनी किती जणांना जागा दिली ते विचारते. आपल्याकडं त्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजना आहे, आधी ५० हजार मिळायचे, २०२४ ला १ लाख केले. प्रत्यक्षात काय होतं तर गावठाणालगत कुणी एवढीशी जागा विकायला तयार होत नाही, शेतातली घ्यायची म्हटलं की तुकडेबंदी, म्हणजे शेतजमिनीचे लहान तुकडे विकायला मनाई करणारा कायदा, आडवी येते, घरकुलापुरती त्यात सूट मिळालीय पण त्याला पण जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि गायरानावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्याच्या डोक्यावर अतिक्रमणाची नोटीस टांगलेलीच. एवढ्या सगळ्यातून जाईपर्यंत त्या वर्षाचं टार्गेट दुसऱ्याच्या नावावर गेलेलं असतं.

आता आकड्यांबद्दल. बजेटच्या अहवालात प्रत्येक योजनेपुढं तीन रकाने असतात, अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च. बातम्यांत फक्त पहिला येतो. २०२४-२५ ला ग्रामीण आवाससाठी ५४,५०० कोटी ठेवले होते, सुधारित अंदाजात ते साधारण ३२,४०० कोटींवर आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये २०२८-२९ पर्यंत आणखी २ कोटी घरांना मंजुरी दिली होती. हे दोन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचलं की समिती एवढी चिडून का लिहिते ते कळतं. खासदार जे विचारतात ते सरळ असतं, पैसे वापरायचे नव्हते तर मागितले कशाला आणि वापरायचे होते तर घरं कुठायत.

मग दीड स्टार का कापला?

पहिलं कारण, शिफारशी सरकारवर बंधनकारक नाहीत. खात्यानं तीन महिन्यांत काय केलं ते कळवायचं, त्यावर समिती दुसरा अहवाल काढते, त्याला कृती अहवाल म्हणा. त्यात पाच प्रकरणं असतात आणि मी सगळ्यांना सांगेन की चौथं आधी उघडा, कारण सरकारचं जे उत्तर समितीला पटलं नाही ते सगळं तिथं असतं. दुसऱ्या प्रकरणात मान्य झालेलं असतं, पाचव्यात उत्तर यायचं बाकी असलेलं. खात्याची उत्तरं वाचताना खरंच वैताग येतो, जागेचं विचारलं की जमीन हा राज्याचा विषय आहे, राज्यांना पत्रं पाठवलीत, उशिराचं विचारलं की पोर्टलवर देखरेख चालू आहे. पुढच्या वर्षी परत तोच प्रश्न, परत तेच पत्र.

दुसरं, बैठका बंद दाराआड होतात. थोडं गुप्त ठेवण्यात फायदा पण आहे, खासदार कॅमेऱ्यासाठी बोलत नाहीत. पण माझ्या खासदारानं तिथं घरकुलाचं काही विचारलं का, हे मला मतदार म्हणून कळायला पाहिजे आणि अहवालाला जोडलेल्या इतिवृत्तात ते मिळत नाही. हजेरी कळते, मुद्दे कळतात, कोण काय म्हणालं ते नाही.

आणि तिसरं मला सगळ्यात जास्त लागतं. नियमानं या समित्या खात्याच्या रोजच्या कारभारात शिरत नाहीत, आणि आमची माणसं अडकतात ती नेमकी तिथंच. यादीत नाव एक आणि आधारवर दुसरं, बँक खातं बंद पडलेलं, अभियंता जिओटॅगचा, म्हणजे जागेची नोंद असलेला, फोटो काढायला आलाच नाही, सर्व्हेच्या ॲपमध्ये म्हाताऱ्या बाईचा चेहरा जुळत नाही. मी स्वतः एका ऑफिसात एका हप्त्यासाठी हेलपाटे घातलेत, प्रत्येक वेळी वरून पैसे आले नाहीत एवढंच सांगितलं आणि शेवटी निघालं काय, तर खाते क्रमांकाचा एक आकडा चुकीचा टाकला होता. असल्या शेकडो गोष्टी दिल्लीला पोचेपर्यंत ‘प्रलंबित घरे’ असा एक आकडा होऊन जातात. समितीनं अभ्यास दौऱ्यात जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांसोबत सादरीकरण बघावंच, पण अर्धा दिवस पंचायत समितीच्या आवास कक्षाबाहेर बाकड्यावर बसून लोकांशी बोलावं, एवढी माझी मागणी आहे.

निकषांच्या बाबतीत मात्र बदल झाला, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पूर्वी घरात मोटरसायकल किंवा फ्रिज असला की नाव बाद. २०२४ ला ते काढलं आणि महिन्याच्या उत्पन्नाची अट १० हजारांवरून १५ हजार केली. आमच्याकडं जुनी गाडी दूध घालायला लागते म्हणून घर नाही, असं झालेली कुटुंबं आता परत सर्व्हेत आली.

भाषा हिंदी आणि इंग्रजी, मराठी नाही. संसदेच्या वेबसाइटवर शोधायला चिकाटी लागते, समितीचं नाव निवडा, मग अहवालांची यादी. पूर्ण वाचायला वेळ नसेल तर शेवटी सगळ्या शिफारशी एकत्र असतात तेवढ्या वाचा. समिती एखादा विषय तपासायला घेते तेव्हा कधीकधी लोकांकडून लेखी निवेदनं मागवते, तशी सूचना दिसली तर ग्रामसभेचा ठराव जोडून पाठवा. आमच्या गटानं कृती अहवालातल्या चौथ्या प्रकरणातले घरकुलाचे मुद्दे मराठीत उतरवून घेतलेत, दोन पानं झालीत, ती पुढच्या ग्रामसभेत वाचायची आणि त्याच्याखाली गावातल्या अडकलेल्या घरांची यादी जोडून खासदारांच्या ऑफिसला पोच घेऊन द्यायची. कुणाला ती दोन पानं हवी असतील तर सांगा.