इकोफ्लेक्स ००-३० आणि येओह मॉडेल: काही महिन्यांच्या वापरानंतर

हवेच्या दाबावर वाकणाऱ्या मऊ ग्रिपरसाठी इकोफ्लेक्स ००-३० हे सिलिकॉन आणि अबॅकस या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये त्याला येओह मॉडेल (मटेरियल किती ताणलं की किती जोर लागतो हे सांगणारं सूत्र), ही जोडी मी उन्हाळ्यापासून वापरते आहे. जोडी मला मनापासून आवडली आहे. मात्र नुसत्या डेटाशीटवर विसंबून सिम्युलेशन करणाऱ्यांनी जपून राहावं.

उत्पादकाच्या डेटाशीटमध्ये १०० टक्के मॉड्युलस १० पीएसआय दिलेला आहे, म्हणजे साधारण ६९ किलोपास्कल. अनेक जण हाच आकडा थेट यंग्ज मॉड्युलस (ताणाला होणारा सुरुवातीचा कडकपणा) म्हणून भरतात. प्रत्यक्षात हा नमुना दुप्पट लांबीला ताणल्यावरचा स्ट्रेस, म्हणजे क्षेत्रफळामागचं बल आहे. निओ-हूकियन या रबराच्या साध्या मॉडेलच्या सूत्रात लॅम्ब्डा (ताणलेली लांबी भागिले मूळ लांबी) २ घातला की स्ट्रेस शिअर मॉड्युलसच्या (आडव्या सरकण्याला होणाऱ्या कडकपणाच्या) १.७५ पट येतो. म्हणजे शिअर मॉड्युलस ३९ किलोपास्कलच्या आसपास आणि सुरुवातीचा यंग्ज मॉड्युलस त्याच्या तिप्पट, जवळपास ११८. एवढ्या फरकाने ग्रिपरच्या बोटाचं वाकणं पार बदलून जातं.

म्हणून स्वतःची टेन्साइल टेस्ट करावीच. हे सिलिकॉन इतकं मऊ आहे की ताणताना यंत्राच्या जबड्यातच पातळ होतं आणि हळूहळू निसटतं. यंत्राच्या सरकण्यावरून स्ट्रेन (लांबीतली प्रमाणशीर वाढ) काढला तर मटेरियल आहे त्यापेक्षा मऊ दिसतं. डंबेलच्या आकाराच्या नमुन्याच्या मधल्या भागावर दोन ठिपके काढून कॅमेऱ्याने त्यांच्यातलं अंतर मोजणं, हा साधा उपाय मला सगळ्यात भरवशाचा वाटतो. ग्रिपर चालताना जास्तीत जास्त जेवढा ताणला जाणार, तेवढा नमुना आधी चार-पाच वेळा ताणून घ्यावा. मलिन्स परिणामामुळे (एकदा ताणलेलं रबर पुढच्या वेळी मऊ लागतं) पहिल्या फेरीचा आलेख नंतरच्या फेऱ्यांपेक्षा वर असतो. दिवसभर उघडझाप करणाऱ्या ग्रिपरला स्थिरावलेला आलेखच लागू पडतो.

आता मॉडेल. निओ-हूकियन लहान स्ट्रेनला पुरेसं आहे, पण खूप ताणल्यावर सिलिकॉन पुन्हा कडक होतं ते त्यात उतरत नाही. तीन पदांचं ऑग्डेन हे दुसरं मॉडेल आलेखावर सुरेख बसतं, पण त्यात सहा स्थिरांक. हातात फक्त एकाच दिशेच्या ताणाचा डेटा असेल तर दोन दिशांनी ताणल्यावर ते काय उत्तर देईल याचा नेम नाही, आणि फुगणाऱ्या कप्प्याची भिंत नेमकी दोन्ही दिशांनी ताणली जाते. येओह फक्त पहिल्या इन्व्हेरियंटवर (तिन्ही दिशांच्या ताणाची बेरीज करणाऱ्या एका मापावर) चालतं, स्थिरांक तीनच, त्यामुळे अशा तुटपुंज्या डेटावरही ते सहसा भरकटत नाही. बायअॅक्सियल (दोन दिशांनी ताणणाऱ्या) टेस्टची सोय असेल तर ऑग्डेन खुशाल घ्या. माझ्याकडे नाही, म्हणून येओह. एलिमेंट (सिम्युलेशनमध्ये आकार ज्या छोट्या तुकड्यांत विभागतात ते) मात्र हायब्रिड प्रकारचेच (दाब वेगळा मोजणारे) हवेत, कारण सिलिकॉनचं आकारमान जवळजवळ बदलत नाही आणि साधे एलिमेंट कुलूप लागल्यासारखे कडक होतात.

एक अडचण नव्या माणसाला फार छळते: दाब वाढवत नेला की सिम्युलेशनचा रन मध्येच बंद पडतो. दर वेळी मेश (एलिमेंटची जाळी) दोषी नसते. पातळ निओ-हूकियन गोल फुग्याचा दाब त्रिज्या सुमारे १.३८ पट झाली की कमाल होतो, त्यापुढे फुगा कमी दाबावरच फुगत जातो. अशी कमाल पातळ भिंतीच्या कप्प्यातही येऊ शकते, आणि तिच्यापलीकडे दाब वाढवत राहणाऱ्या स्टॅटिक रनला उत्तरच सापडत नाही. फ्लुइड कॅव्हिटी (अबॅकसमधली बंद पोकळीतली हवा मोजणारी सोय) वापरून दाबाऐवजी आत जाणारी हवा वाढवत न्या, रन पुढे सरकतो.

ओतकामाबद्दल थोडक्यात: सिलिकॉनचे ए आणि बी हे दोन घटक समसमान, मिसळल्यावर हातात सुमारे ४५ मिनिटं, ४ तासांत साच्यातून काढता येतं. लॅटेक्सचे हातमोजे घालू नका, त्यातल्या गंधकामुळे पृष्ठभाग चिकट राहतो.

जड वस्तू उचलायची असेल तर मी ड्रॅगन स्किन ३० हे जास्त कडक सिलिकॉन घेते. तिथे मलिन्स परिणाम जास्त ठळक आहे, त्यामुळे नुसत्या येओहवर भागत नाही. मलिन्स परिणाम पकडणाऱ्या ऑग्डेन-रॉक्सबर्ग मॉडेलचे तीन स्थिरांक वेगळे फिट करावे लागतात, आणि त्यासाठी सोडतानाचा आलेखही नोंदवून ठेवावा लागतो.